घोंगडी धुवावी कशी, जपावी कशी?

प्रश्न : हातमागावरची नवी घोंगडी धुतल्यास आटते का? कसर लागू नये म्हणून काय करावे?

उत्तर : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून जाड होते. गार पाण्याने, न चोळता धुतल्यास हे टळते. नव्या घोंगडीचा ताठपणा चिंचोक्याच्या खळीचा. तो वापराने उतरतो, त्यासाठी धुण्याची घाई नको. एरवी झटकून ऊन दाखवणे पुरते. धुवायचीच तर रिठ्याच्या पाण्यात हलके दाबून धुवावी. सोडा टाळावा, एन्झाइमची पावडर तर लोकरीतले प्रथिनच पोखरते. भिजलेली घोंगडी फार जड होते, दोरीवर टांगली की ओघळून लांबते. म्हणून न पिळता खाटेवर सावलीत पसरावी.

कसरीचा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. तिला अंधार आणि घामाचे, अन्नाचे डाग मानवतात, तेव्हा मळकी घोंगडी पेटीत कधीच ठेवू नये. पावसाळा सरला की घडी पूर्ण उलगडून उन्हात टाकावी आणि पट्ट्या जोडलेल्या शिवणीवरून ब्रश फिरवावा. बारीक पांढुरकी अंडी अशाच सांदीत दडतात. कडुनिंबाच्या पाल्यावर मात्र विसंबू नये, त्याने आत असलेली अळी मरत नाही.