मोडका दात आणि मापाची खुंटी

महाड-पोलादपूरकडील खेड्यांत शेतीची अवजारे सर्वांच्याच पाहण्यात असतात. कुदळीचे नेढे पाहून दांडा तासावा लागतो. दांड्यासाठी कोणी नेढे कापून मोठे करीत नाही. दांडा सैल राहिला तर पाचर ठोकावी लागते, आणि पाचरीचा भरवसा थोडा. मोडक्या दाताच्या उपचारासही हाच न्याय लागू पडतो, तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कीड खोल गेली किंवा पडल्यामुळे दात मोडला, तरी त्याचे मूळ पुष्कळदा हाडात शाबूत असते. दंतवैद्य मुळातील रोगट गर काढून पोकळी स्वच्छ करितात व ती गट्टापर्चा नामक वृक्षाच्या चिकाने भरितात. वर टोपी बसविण्यापुरता दात उरला नसेल, तर त्यातील काही चीक काढून तेथे 'पोस्ट' म्हणजे खुंटी रोवितात आणि तिच्या आधाराने दाताचा माथा उभारितात. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समधील पिएर फोशार याच्या १७२८ सालच्या ग्रंथात तिचे वर्णन आढळते.

तयार खुंट्या गोल व ठराविक मापाच्या असतात. मुळाची पोकळी मात्र कोठे चपटी, तर कोठे रुंद. अशा वेळी मूळ अधिक कोरावे लागते, नाही तर फट सिमेंटने बुजवावी लागते. आता पोकळीचा ठसा अथवा प्रकाशाने टिपलेली प्रतिमा संगणकात घेऊन तिच्याच मापाची खुंटी आखितात, आणि यंत्र ती काचतंतूंच्या ठोकळ्यातून कोरून काढते. अशी खुंटी धातूहून लवचिक असल्यामुळे मूळ उभे चिरण्याचे भय कमी होते.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खुंटी दातास बळकट करीत नाही. ती केवळ माथ्यास धरून ठेविते. हिरडीच्या वर सभोवार सुमारे २ मिलिमीटर निरोगी दात उरला असेल, तरच टोपीस घट्ट पकड मिळते. तेवढा न उरल्यास उत्तम यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, दात मोडला की उपटून टाकण्याची घाई करू नये. 'मूळ वाचेल काय?' हे प्रथम विचारावे. मुलांनीही दाताची कीड लहान असतानाच घरी सांगावी. विज्ञान मापाची खुंटी देईल. पण ती रोवावयास दात आपणच राखिला पाहिजे.