सील बदललं, तरी तेल गळतंच!

पिथमपूरच्या बाहा स्पर्धेला बारा दिवस उरले होते आणि आमच्या एटीव्हीचा सीव्हीटी बेल्ट घसरायला लागला. कव्हर उघडलं तर आत तेल. "क्रँकशाफ्टचं ऑइल सील गेलं," असं मी लगेच जाहीर केलं. (थर्ड इयरला आलं की माणूस लगेच जाहीर करतो!) नवीन सील आणून ठोकलं, गाडी पळवली. वीस मिनिटांत पुन्हा तेल. चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये असं झालं तर वर्षभराची मेहनत मातीत!

वर्कशॉपमधल्या मामांनी दोनच प्रश्न विचारले. "तेल नेमकं कुठून येतंय ते बघितलंस? आणि शाफ्टवर नख फिरवलंस?" दोन्हींचं उत्तर नाही असंच होतं.

मग नीट सुरुवात केली. तो भाग पेट्रोलने पुसून कोरडा केला, त्यावर टाल्कम पावडर मारली आणि पुली न लावता इंजिन पाच-सात मिनिटं चालवलं. पावडरवर तेलाची रेघ उमटते, ती कुठून निघाली ते बघायचं. साइड कव्हरच्या गॅस्केटमधून गळत असेल तर सील बदलून काय उपयोग? आमची रेघ सीलपासूनच निघाली होती. पुढे शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहिला. बेअरिंग ढिलं असेल तर नवीन सीलही टिकत नाही. आमचं घट्ट होतं. सील जिथे घासतं तिथे नख फिरवलं, अडकलं नाही. अडकलं असतं तर शाफ्टला खाच पडली असं समजायचं.

सील बाहेर काढल्यावर माझा पराक्रम दिसला. शाफ्टवर चावीची खाच असते, तिच्या धारेने नवीन सीलची रबरी लिप कापली गेली होती. सील सरकवण्याआधी त्या खाचेवर टेप गुंडाळायची असते, लिपला तेल लावायचं असतं. स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे तेलाकडे. हातोडी थेट सीलवर मारायची नाही. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी सारखं बसवायचं, जुनं होतं तेवढंच खोल.

पण पहिलं सील का गळलं? मामांनी ब्रीदरची नळी काढून माझ्या हातात दिली. तोंडाशी वाळलेला चिखल! फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते, ती ब्रीदरमधून बाहेर पडते. वाट बंद झाली की दाब तेलाला लिपखालून ढकलतो. हे सील तेलाचे शिंतोडे अडवायला असतं, दाब अडवायला नव्हे. (टू-स्ट्रोकचं गणित वेगळं. आरएक्स १०० चं मॅग्नेटकडचं सील गेलं तर हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो.)

नळी साफ केली, तिचं तोंड उंचावर बांधलं, तिसरं सील बसवलं. अर्धा तास गाडी पळवली. कव्हर उघडलं तर आत कोरडं ठणठणीत. त्या रात्री सगळ्यात पहिलं, जुनं सील कचऱ्यातून काढून धुतलं. त्याची लिप अगदी धड होती.