संत पॅट्रिक : गुलाम म्हणून नेले, मेंढपाळ होऊन परतले



१७ मार्च हा संत पॅट्रिक ह्यांचा सण. आपल्या पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे. ब्रिटिश फौजेतील आयरिश कॅथलिक शिपायांच्या वर्गणीतून ते १८५० मध्ये उभे राहिले. मायदेशापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या शिपायांनी आपल्या आश्रयदात्या संताचे नाव त्याला दिले.

पण पॅट्रिक स्वतः आयरिश नव्हते! पाचव्या शतकात होऊन गेलेले हे संत मूळचे रोमन अंमलाखालील ब्रिटनचे. वडील उपधर्मगुरू, तरी मुलाला देवाची ओढ नव्हती. सोळा वर्षांचे असताना लुटारूंनी त्यांना पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केले. सहा वर्षे त्यांनी परक्याची गुरे-मेंढरे राखली. थंडीपावसात, रानात एकटे असताना ते प्रार्थना करायला शिकले. पुढे ते निसटून घरी पोहोचले. एके रात्री स्वप्नात आयरिश लोक त्यांना परत बोलावू लागले. ज्यांनी गुलाम केले, त्यांच्याकडेच ते बिशप होऊन सुवार्ता घेऊन गेले. हे सारे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे.

त्यांनी तीन पानांच्या शॅमरॉकवरून (आपल्या आंबुशीसारखे रोप) पवित्र त्रैक्य समजावले, साप हाकलले, ह्या कथा लोकप्रिय आहेत; पण त्यांच्या लिखाणात त्या नाहीत. बाप्तिस्मा घेतलेल्यांना गुलाम करून नेणाऱ्या कोरोटिकसच्या सैनिकांना त्यांनी लिहिलेले कडक पत्र मात्र आजही उपलब्ध आहे. म्हणजे त्यांनी शत्रूंना क्षमा केली, पण अन्यायाला अन्याय म्हणायचे सोडले नाही.

सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू ल्यूक वॉडिंग ह्यांच्या प्रयत्नाने हा सण ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत आला. १९०३ पासून आयर्लंडमध्ये ह्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. आता जगभर हिरवे कपडे घालून मिरवणुका निघतात. हा सण बहुधा प्रायश्चित्तकाळात येतो, हे मात्र विसरले जाते.

आपल्यातही बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत अबोला आहे. एकाच मिस्साला येऊन दोघे दोन दारांनी बाहेर पडतात. पॅट्रिक समुद्र ओलांडून गेले. आपल्याला फक्त गल्ली ओलांडायची आहे.

विचारासाठी :
१) मला दुखावलेल्या कोणाच्या दारी मी ह्या आठवड्यात जाईन?
२) क्षमा करताना सत्य बोलण्याचे धैर्य माझ्यात आहे का?

संत पॅट्रिक, आमच्यासाठी विनंती कर.