विजेची उंची आणि विजेचा उतार

विजेच्या एका तारेवर कावळा निर्धास्त बसतो, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्याचा हात त्याच तारेस लागला तर तो प्राणांस मुकतो. हें कोडें आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांस पडलें असेल. विभव व विद्युत्क्षेत्र या दोन कल्पना समजल्या कीं तें सुटतें.

घाटमाथ्यावरील सपाट पठारावर धोंडा ठेविला तर तो जागचा हालत नाहीं, मग पठार कितीही उंच असो. उतारावर ठेवितांच तो गडगडूं लागतो. विभव ही विजेची उंची होय. एक कूलंब विद्युद्भार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास एक जूल कार्य करावें लागलें, तर त्या दोन ठिकाणांच्या विभवांत एक व्होल्टाचें अंतर आहे असें म्हणतात. विद्युत्क्षेत्र म्हणजे या चढउताराचा तीव्रपणा. तो दर मीटरास इतके व्होल्ट असा मोजतात. हवेंत तो सुमारें ३० लक्षांवर गेला कीं ठिणगी पडते.

कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन बोटांच्या अंतरानें असतात. तेवढ्यांत विभवाचा फरक जवळ जवळ नाहींच. तो पठारावर बसला आहे! मनुष्याचा हात मात्र माथ्यावर आणि पाय पायथ्याशीं.

पावसाळ्याच्या तोंडीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. झाडावर वीज पडली म्हणजे तिचा प्रवाह जमिनींत चोहोंकडे पसरतो, आणि बुंध्यापासून दूर जावें तसतसा जमिनीचा विभव उतरत जातो. झाडाखालीं उभ्या असलेल्या गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत बरेंच अंतर असतें. तेवढ्यांत हजारों व्होल्टांचा फरक पडूं शकतो, व प्रवाह एका पायानें चढून छातींतून दुसऱ्या पायानें उतरतो. कळपच्या कळप एकदम दगावतात तो बहुधा असा. नॉर्वे देशांत सन २०१६ च्या ऑगस्टांत विजेच्या एका तडाख्यानें ३२३ रेनडियर मेलीं.

म्हणून ढग गडगडूं लागतांच पालकांनीं मुलांस शेतांतून पक्क्या घरांत आणावें; झाडाचा आसरा कधींही घेऊं देऊं नये. धातूच्या टपाची बंद मोटारही चालेल, कारण प्रवाह तिच्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनींत जातो. धातूच्या वेष्टनाचा हा गुण फॅरडेनें सन १८३६ मध्यें बारा फुटी पिंजऱ्यांत स्वतः बसून सिद्ध केला होता.

वादळानें तुटलेली तार जमिनीवर पडली असेल तेथेंही असाच उतार असतो. तिच्याजवळ जाऊं नये. आधींच जवळ असाल तर लांब ढांगा न टाकतां, दोन्ही पाय जुळवून, ते न उचलतां घाशीत घाशीत दूर सरकावें.