वर्गातील निनाद आणि इम्प्लांटने ऐकणारे मूल

श्रुतलेखनाच्या तासाला शिक्षक ‘काम’ सांगतात आणि कानामागे यंत्र लावलेले मूल ‘कान’ लिहिते. त्याच मुलास अंगणातील निंबाखाली समोर बसवून विचारले, तर ते तोच शब्द अचूक ओळखते. अशा वेळी ‘लक्ष नाही’ किंवा ‘बुद्धी मंद’ असा शेरा देण्यापूर्वी वर्गखोलीची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे केवळ आवाज मोठा करणारे श्रवणयंत्र नव्हे. त्याचा बाहेरील भाग ध्वनीचे विद्युतसंकेत बनवितो व शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसविलेली तार ते श्रवणतंतूंस पोहोचविते. निरोगी कानात हे कार्य सुमारे ३,५०० केशपेशी करतात. या तारेवर साधारणतः १२ ते २२ विद्युतअग्रे असतात. म्हणून शांत जागी एकाचे बोलणे कळत असले, तरी गलक्यातून शिक्षकांचा आवाज निवडून काढणे मुलास फार कठीण जाते.

निनादाने ही अडचण वाढते. फरशी, भिंती व छत यांवरून ध्वनी परततो आणि ‘का’मधील ठळक स्वराचा रेंगाळणारा नाद पुढील क्षीण व्यंजनास झाकून टाकतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. वॉलेस सॅबाईन यांनी तेथे शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या, तसतसा निनाद कमी होत गेला. ग्रामशाळेत सतरंज्या, जाड पडदे व भिंतीवर ताणलेले गोणपाट यांचा असाच उपयोग होतो.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. मुलास पुढे, रस्त्याकडील खिडकीपासून दूर बसवावे. एकाच कानास इम्प्लांट असल्यास तो कान शिक्षकांकडे असावा.

२. ओरडू नये, जवळ जावे. अंतर निम्मे केल्यास थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ओरडण्याने निनादही तितकाच वाढतो.

३. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. एका वेळी एकाच विद्यार्थ्याने बोलावे.

४. पत्र्यावर पाऊस पडत असता नवा पाठ तोंडी न शिकविता फळ्यावर लिहून द्यावा.

५. ‘समजले का?’ असे विचारू नये. भिडस्त मूल ‘हो’ म्हणून मोकळे होते. ऐकलेले वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यावे.

शस्त्रक्रियेने मुलास ध्वनी मिळतो. त्या ध्वनीतून शब्द हाती लागणे मात्र बऱ्याच अंशी वर्गावर अवलंबून आहे, आणि वर्ग शिक्षकांच्या हाती आहे.