गटाचे खाते, गटाची किल्ली

वसई तालुक्यात आगाशी गाव आहे. या भागातली सुकेळी तुम्ही खाल्ली असतील. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि उन्हात वाळवायची. चांगली वाळली की ती मधासारखी गोड लागतात.

आमच्या वर्गात एक मावशी येतात. त्या आणि आणखी नऊ बाया मिळून बचत गट चालवतात. गट सुकेळी करतो आणि विकतो. धंदा वाढला, तसे गटाने ई-मेलचे खाते उघडले. उघडले म्हणजे काय, मावशींच्या भाच्याने आपल्या मोबाइलवर उघडून दिले. नंबर त्याचा. पासवर्डही त्याच्याच डोक्यात. पुढे भाचा नोकरीला सुरतेला गेला. त्याने मोबाइल बदलला, नंबर बदलला आणि पासवर्ड विसरला.

इकडे पुण्याच्या एका दुकानदाराने दोनशे पाकिटांची मागणी ई-मेलने पाठवली. पत्र बरोबर पत्त्यावर आले, पण उघडणार कोण? पाकिटावर फोन नंबर छापलेला नव्हता. दुकानदाराने पंधरा दिवस वाट पाहिली आणि माल दुसरीकडून घेतला. पुढे एका प्रदर्शनात तो भेटला, तेव्हा ही गोष्ट कळली.

मावशी म्हणाल्या, "अहो, माल घरात होता, गिऱ्हाईक दारात होतं, आणि कुलपाची किल्ली सुरतेला!"

यात भाच्याने वाईट काही केले नाही. हे काम कसे करावे, हे कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आज आपण ते शिकू.

पत्ता कसा असतो?

ई-मेल म्हणजे इंटरनेटवरून जाणारे पत्र. त्याच्या पत्त्यात दोन भाग असतात. आधी आपले नाव येते. मग @ ही खूण येते. तिला 'ॲट' म्हणतात. खुणेनंतर जिथे आपली पेटी आहे, त्या ठिकाणाचे नाव येते. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७१ साली या खुणेचा असा उपयोग प्रथम केला. पत्त्यात मोकळी जागा सोडायची नाही. एक अक्षर चुकले तर पत्र पोचत नाही, किंवा भलत्याकडे जाते.

धंद्याचे खाते दोन तऱ्हेचे असते. जीमेलसारखे खाते फुकट मिळते. लहान गटाला सुरुवातीला तेवढे पुरते. दुसऱ्या तऱ्हेत खुणेनंतर आपल्याच धंद्याचे नाव येते. हे नाव विकत मिळत नाही, दर वर्षी भाडे भरून ठेवावे लागते. भाडे चुकले तर नाव हातचे जाते. २०१४ सालापासून देवनागरी अक्षरांतही असे नाव घेता येते. त्याच्या शेवटी 'भारत' असते. दुसऱ्या तऱ्हेत सोय अशी, की प्रत्येक माणसाला वेगळी पेटी देता येते. माणूस गट सोडून गेला तर त्याची पेटी बंद करता येते. पत्रे मात्र गटाकडेच राहतात.

खाते उघडताना

खाते गटाच्या नावाने उघडावे. मोबाइल नंबर गटाचा द्यावा. एकाचा नंबर द्यावाच लागला, तर जो बदलणार नाही असा द्यावा. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला मिळतो, हे ध्यानात ठेवा.

पासवर्ड लांब असावा. गावाचे नाव किंवा जन्मतारीख नको. तो कागदावर लिहून पाकिटात घालावा आणि पाकीट बंद करून गटाच्या पेटीत ठेवावे. बँकेचे पासबुक आपण जसे सांभाळतो, तसेच हे पाकीट सांभाळावे.

कुलपाला दुसरे कुलूपही लावता येते. पासवर्ड दिल्यावर मोबाइलवर आकडे येतात. ते भरले तरच खाते उघडते. हे आकडे कोणालाही सांगायचे नाहीत. मागणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवत असला, तरी नाही.

आणि खाते रोज उघडून पाहावे. गूगलचे खाते दोन वर्षे वापरलेच नाही, तर ते काढून टाकले जाऊ शकते.

फाइल जाते कशी?

पत्राबरोबर बिल, फोटो, परवान्याची प्रत असे कागद पाठवावे लागतात. मोबाइलमध्ये किंवा संगणकात ठेवलेल्या अशा प्रत्येक कागदाला 'फाइल' म्हणतात. पत्र लिहिताना टाचणीसारखी एक खूण दिसते. ती दाबावी, फाइल निवडावी, मग पत्र पाठवावे.

आता कोणी विचारील, फोटो हवेतून जातो कसा? विरार लोकलचे उदाहरण घ्या. वसईच्या बाया फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जातात. दहा पाट्या एका डब्यात मावल्या नाहीत, तर काही या गाडीने, काही पुढच्या गाडीने. पाट्यांवर आकडे घातले असतील, तर दादरला मोजता येते. सातवी आली नाही, तर फोन करून पुन्हा मागवता येते. फाइलचेही असेच. तिचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येकावर आकडा असतो. तुकडा हरवला तर तोच पुन्हा पाठवला जातो. शेवटी सगळे जुळून फाइल होती तशी तयार होते.

या कामात आपल्या देशाच्या माणसाचा मोठा हात आहे. अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.त शिकले. पुढे अमेरिकेत एम.आय.टी.त असताना, १९७१ साली त्यांनी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात फाइल नेण्याचे नियम लिहिले. त्यांना एफ.टी.पी. म्हणतात.

पत्राबरोबर फार मोठी फाइल जात नाही. जीमेलमध्ये पंचवीस एमबीची मर्यादा आहे. मोबाइलवरचे चांगले फोटो चारपाच गेले की पेटी भरते. मग काय करावे? फाइल इंटरनेटवरच्या कोठारात ठेवावी. जीमेलच्या खात्याबरोबर 'ड्राइव्ह' नावाचे असे कोठार मिळते. गिऱ्हाइकाला फक्त त्या फाइलचा दुवा, म्हणजे लिंक पाठवावी. मात्र फाइल कोणी पाहायची, हे आपण ठरवावे. ज्याला पाहिजे त्याच्याच पत्त्याला परवानगी द्यावी. सर्वांना मोकळी ठेवली, तर लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती पाहील.

सावध राहा

कधी ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र येते : "आमचे बँक खाते बदलले आहे. पैसे नव्या खात्यात भरा." पत्त्यात एकच अक्षर वेगळे असते, आणि ते नजरेतून सुटते. अशा वेळी पैसे भरू नका. पत्रातल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करा आणि विचारा. फसवणूक झालीच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

मावशींच्या गटाने आता नवे खाते उघडले आहे. नंबर गटाचा आहे. पासवर्डचे पाकीट पेटीत आहे. पाकिटावर पत्ता आणि फोन दोन्ही छापले आहेत. पुण्याच्या दुकानदाराला पहिले पत्र मावशींनी स्वतः टाइप केले. तीन ओळींना अर्धा तास लागला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : "पन्नास पाकिटे पाठवा. पुढचे पाहू."

मावशींनी ते मोठ्याने वाचून दाखवले. दोनशेची पन्नास झाली खरी, पण या वेळी पत्र त्यांनी स्वतः उघडले होते.

प्रश्न
१. मावशींना पुण्याचे पत्र का मिळाले नाही?
२. पासवर्ड कोठे ठेवावा?
३. मोठी फाइल कशी पाठवाल?
४. "खाते बदलले" असे पत्र आले, तर आधी काय कराल?
५. तुमच्या गटाच्या खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे? आज घरी जाऊन पाहा.