दम्याची शिरगणती

एखाद्या गावात घरे किती, विहिरी किती, बैलजोड्या किती, हे सांगणे कठीण नाही. दारोदार जाऊन मोजता येते. परंतु त्याच गावात दम्याचे रोगी किती, असा प्रश्न केला तर उत्तर तितके सोपे राहत नाही. दमा सदैव डोळ्यांना दिसत नाही. पहाटे तीन वाजता धाप लागून अंथरुणात उठून बसलेला मनुष्य सकाळी नऊ वाजता शेताच्या वाटेने चालताना दिसतो. शिवाय पुष्कळ घरांतून या रोगाचे नाव उच्चारलेच जात नाही. आपल्या देशात दमा किती जणांना आहे, तो कसा मोजतात आणि त्या मोजणीचे महत्त्व काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. नाकातोंडाने घेतलेली हवा श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाते. झाडाच्या फांद्यांप्रमाणे या नलिकेला लहान लहान शाखा फुटलेल्या असतात. दमेकऱ्याच्या या शाखा आतून सुजलेल्या व अतिशय हळव्या असतात. धूर, धूळ, परागकण, थंड हवा किंवा साधे पडसे एवढ्या कारणानेही त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, आत कफ साचतो आणि वाट अरुंद होते. अशा वाटेने हवा बाहेर पडताना छातीत शिटीसारखा आवाज होतो. रोग नवीन नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत; त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळते.

आता मोजणीकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशात एक मोठी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पंधरा वर्षांवरील १ लक्ष ६९ हजार ५७५ स्त्रीपुरुषांना ठरावीक प्रश्न विचारण्यात आले. आपल्या शेजारचे नागपूर हेही तिच्या केंद्रांपैकी एक होते. शेकडा २.०५ लोकांना दमा आहे, असे त्यातून दिसले. म्हणजे गावात एक हजार प्रौढ माणसे असतील तर त्यांत सुमारे वीस दमेकरी असावेत. याच प्रमाणाने देशभरातील प्रौढ रोग्यांची संख्या १ कोटी ७२ लक्षांवर धरण्यात आली. पुढे २०१६ सालासाठी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात हीच संख्या ३ कोटी ७९ लक्ष अशी निघाली. एका देशाचे दोन आकडे पाहून वाचकाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. पहिल्या आकड्यात पंधरा वर्षांखालील मुले नाहीत. दुसऱ्यात सर्व वयांचे लोक आहेत, आणि रोग कशास म्हणावे याची कसोटीही दोन्ही ठिकाणी तंतोतंत एक नाही.

यावरून पहिला धडा मिळतो. कोणताही आकडा वाचताना कोणाला मोजले, हे आधी पाहावे. बंगळूर येथे रुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या नोंदी पाहिल्या असता १९७९ साली शेकडा ९ मुलांना दमा होता. १९९९ साली हे प्रमाण शेकडा २९.५ झाले. रोग वाढला, यात शंका नाही. परंतु तेवढ्यावरून बंगळूरच्या दर दहा मुलांपैकी तिघे दमेकरी आहेत, असे म्हणणे चुकीचे होईल. ही मुले दवाखान्यात आलेली होती. अंगणात खेळणारी धडधाकट मुले त्या हिशेबात नव्हती.

दुसरा धडा असा की, काय विचारले यावरही उत्तर अवलंबून असते. २०१५–१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत शेकडा १.९ व पुरुषांत शेकडा १.२ जणांनी आपणास दमा असल्याचे सांगितले. येथे ‘सांगितले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला आपला रोग ठाऊक नाही, किंवा जो तो सांगू इच्छीत नाही, तो या संख्येत येणार नाही. म्हणून जाणते संशोधक रोगाचे नाव विचारून थांबत नाहीत, लक्षण विचारतात. गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिटीसारखा आवाज आला काय? रात्री धाप लागून जाग आली काय? अशी त्यांची विचारणा असते.

मुलांच्या दम्याची जागतिक पाहणी याच पद्धतीने झाली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ५६ देशांतील १५५ केंद्रांतून तेरा-चौदा वर्षांच्या ४ लक्ष ६३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती गोळा झालेली होती. वऱ्हाडातील अकोला आणि पुणे, मुंबई ही शहरे त्यांत होती. लक्षणाला प्रत्येक भाषेत निराळा शब्द. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या रामाकोन्याच्या विद्यार्थ्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून अनेक केंद्रांत धाप लागलेल्या मुलांचे चलच्चित्र दाखवून, “तुम्हाला असे कधी होते काय?” असे विचारण्यात आले. केंद्राकेंद्रांतील फरक वीसपटींहून अधिक निघाला. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व आयर्लंड येथे प्रमाण सर्वांत जास्त होते. कमी प्रमाणाच्या देशांत भारताची गणना झाली.

हे वाचून समाधान वाटेल. परंतु पुढचा आकडा ते टिकू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लक्ष लोकांना दमा होता आणि त्या वर्षी ४ लक्ष ५५ हजार माणसे त्याने दगावली. त्या काळच्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी शेकडा सुमारे १३ भारतात होते. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी शेकडा चाळीसहून अधिक भारतात घडत होते. रोगी थोडे आणि मृत्यू फार, असे का व्हावे?

याचे बरेचसे उत्तर अलीकडच्या पाहणीत सापडते. वरील जागतिक पाहणीचे काम पुढे चालविणाऱ्या संस्थेने भारतातील नऊ केंद्रांत सव्वा लक्षाहून अधिक मुले व पालक यांची विचारपूस केली. ज्यांच्या छातीत घरघर होत होती, अशा शंभरांपैकी ८२ जणांच्या रोगाचे निदानच झालेले नव्हते. ज्यांची लक्षणे तीव्र होती, त्यांतही शंभरांपैकी ७० जण निदानावाचून होते. श्वासनलिकांची सूज कमी करणारे औषध रोज श्वासावाटे घेणारे तर बोटांवर मोजण्याइतके निघाले.

याला दारिद्र्य व दवाखान्याचे अंतर कारणीभूत आहे. तसाच संकोचही आहे. मुलीला दमा आहे हे कळले तर तिचे लग्न जुळणार नाही, या भीतीने आईबाप ‘जरा कफाची प्रकृती आहे’ असे सांगतात. मुलगा खेळाच्या तासाला मागे राहतो, तर त्याला आळशी म्हणतात. ‘पंपा’ची सवय लागते, हा समजही असाच निराधार आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत पोचते, म्हणून गोळीपेक्षा पुष्कळ कमी मात्रा पुरते. मात्र धाप तात्काळ शमविणारे औषध निराळे आणि सूज उतरविणारे औषध निराळे. बरे वाटताच दुसरे बंद करून केवळ पहिल्यावर भागविणे धोक्याचे असते. औषधात बदल वैद्यांच्या सल्ल्यानेच करावा.

२०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील आपला हा मुलूख कापूस, तूर व संत्र्याचा आहे. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या जाळण्याची चाल येथे जुनी. २०१२ च्या त्या पाहणीत विडी-सिगारेट, घरातील दुसऱ्याच्या विडीचा धूर, धुराचे सरपण आणि रक्ताच्या नात्यातील दमा, यांचा रोगाशी संबंध आढळला होता. यांपैकी नाते आपल्या हाती नाही. बाकीचे बऱ्याच अंशी आहे. स्वयंपाकघराला धुराडे किंवा मोठी खिडकी करावी, शक्य तेथे गॅस वापरावा, घरात विडी ओढू नये, आणि मळणीच्या वेळी दमेकऱ्याने भुशापासून दूर राहावे.

विद्यार्थिमित्रांनो, या शिरगणतीत तुम्हालाही काम आहे. रात्री किंवा पहाटे वारंवार खोकला येतो काय, धावल्यावर छातीत आवाज होतो काय, चुलीजवळ बसताच धाप लागते काय, हे घरातील वडीलधाऱ्यांना व भावंडांना आपुलकीने विचारा. उत्तर ‘होय’ आले तर त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जाण्याचा आग्रह धरा. धापेमुळे एक वाक्यही पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

देशाच्या हिशेबात ८२ हा केवळ एक आकडा आहे. एखाद्या घरात तो रात्रभर भिंतीला टेकून बसलेली आजी असतो, किंवा मैदानाच्या कडेला उभा राहिलेला वर्गमित्र असतो. त्यांच्या त्रासाला त्याचे खरे नाव मिळाले, म्हणजे उपचाराचा मार्ग खुला होतो. दमा समूळ जाईलच असे नाही. परंतु नियमित औषधाने बहुतेकांना तो ताब्यात ठेवता येतो, आणि शाळा, शेत व खेळ यांपैकी काहीही सोडावे लागत नाही.